बर्नार्ड बाहेर जाणारच

विनी ऑल्डरसन पहिल्यांदा साप घेऊन माझ्या बसमध्ये चढली तेव्हा मी तिला खाली उतरवलं होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी तिच्या बाजूने उभा राहिलेला दिसेन आणि वाचणाऱ्याचा माझ्याबद्दल उगाच चांगला समज होईल.

चार वर्षं झाली त्याला. जूनमधला गुरुवार होता आणि चक्क ऊन पडलं होतं, त्यामुळे विलायतेतलं आमचं सगळं ब्रॅकनशॉ गाव अर्ध्या बाह्यांत फिरत होतं. विलो हाऊसच्या थांब्यावर ती चढली. विलो हाऊस म्हणजे चढावरची, म्हाताऱ्या माणसांच्या फ्लॅटांची इमारत. तिथले निम्मे लोक माझ्या चौदा नंबरच्या बसचे गिऱ्हाईक. विनी तेव्हा एकाहत्तरची. हाडापेराने दणकट, केस कापलेले, चेहऱ्यावर कुणाचं काही देणं नसल्याचा भाव. तिने पास दाखवला. गळ्यात तपकिरी-पिवळा मफलर होता. एवढ्या उन्हात मफलर कशाला, असं मनात येतंय तोच मफलरने जीभ बाहेर काढली.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"बर्नार्ड."

"बाई, हा साप आहे."

"डोळे चांगले आहेत रे तुझे, राजा. ड्रायव्हरला लागतातच."

मागच्या दोन बायका फिदीफिदी हसल्या. मला राग आला. एकोणतीस वर्षं या गावात बस चालवतोय, दारुडे पाहिलेत, मारामाऱ्या पाहिल्यात, एकदा तर एक माणूस मेंढी घेऊन चढला होता. पण आपण पडलो साताऱ्याकडचे. साप म्हटला की आमचा हात आधी काठी शोधतो. मी म्हटलं, "नियमात बसत नाही. उतरा." ती उतरली.

पुढच्या गुरुवारी ती पुन्हा उभी. या वेळी हातात बस कंपनीच्या नियमांचं पान. तिने ते माझ्या तोंडासमोर धरलं. त्यात लिहिलं होतं, कुत्रे आणि निरुपद्रवी लहान प्राणी ड्रायव्हरच्या मर्जीने नेता येतील.

"वाचलंस?" ती म्हणाली. "नियम नाही म्हणत नाही. तू नाही म्हणतोस. मग स्वतःच्या तोंडाने म्हण ना, की मला नको आहे. नियमाच्या मागे कशाला लपतोस?"

मागे रांग खोळंबली होती. मी म्हटलं, "बसा." त्या दिवसापासून बर्नार्ड दर गुरुवारी चौदा नंबरने बाजारात जाऊ लागला.

बर्नार्ड म्हणजे आफ्रिकेतल्या बुटक्या अजगरांपैकी एक. चार फूट लांब, मनगटाएवढा जाड, स्वभावाने एखाद्या पेन्शनरासारखा. घाबरला की स्वतःचाच चेंडू करून डोकं मधे लपवतो. माझं मत बदलायला सहा महिने लागले, ते बदललं असं मी तिला कधी बोलून दाखवलं नाही. पण विनीची शिस्त मी बघत होतो. खायला घातल्यावर दोन दिवस ती त्याला हलवत नसे. कात टाकायच्या आधी त्याचे डोळे दुधाळ निळे होतात, तेव्हा आठवडाभर बाहेर नाही. गार वारा असला की तो कोटाच्या आत, लोकरीच्या झग्यावर. पिशवीत उशीचा अभ्रा कायम, कुणी घाबरलंच तर बर्नार्ड त्यात जाई. ज्याला खरोखर भीती वाटते त्याच्या वाटेला ती चुकूनही जात नसे. ज्याला नुसतीच चीड येते, त्याच्या शेजारी ती मुद्दाम जाऊन बसे.

बाजारात ती चीजवाल्याकडे जाई, बेकरीत बटाट्याचं सारण भरलेली पाई घेऊन खिडकीत बसे, मग वाचनालयात वर्तमानपत्र. बर्नार्ड गळ्यात. लोक बघत. काही जण नाक मुरडत, काही जण हात लावू का विचारत. जिल्ह्यातल्या साप पाळणाऱ्यांचं एक मंडळ आहे, त्यांनीसुद्धा तिला पत्र पाठवलं, की तुमच्या अशा मिरवण्याने आपली सगळ्यांची बदनामी होते, साप घरात काचेच्या पेटीतच शोभतो. तिने उलट टपाली कळवलं, "तुमची सभा दारूच्या गुत्त्यात भरते. तुम्हालाही पेटीत ठेवलं तर छान शोभाल."

मी एकदा विचारलं होतं, "कशाला हा खटाटोप? सगळे वळून वळून बघतात."

"तेच तर हवंय," ती म्हणाली. "साप गळ्यात नव्हता तेव्हा मी पंधरा वर्षं तुझ्या बसमध्ये बसत होते. मी कुठे चढायचे आठवतंय तुला?"

मला आठवत नव्हतं, पण तिच्याबरोबर कोण असायची ते आठवत होतं. मर्टल शॉ. बारीक, लालबुंद गालांची, कायम गुणगुणणारी बाई. शाळेच्या प्रयोगशाळेत कामाला होती. प्रयोगशाळा बंद झाली तेव्हा तिथला साप तिने घरी आणला आणि प्रयोगशाळा बंद करणाऱ्या मुख्याध्यापकाचं नाव त्याला ठेवलं. विनी बिस्किटांच्या कारखान्यात एकतीस वर्षं डबे भरायची. दोघी चुलत बहिणी आहेत असं सगळं गाव म्हणायचं. एका थांब्यावर चढायच्या, एका थांब्यावर उतरायच्या, पण कधी शेजारी बसल्या नाहीत. एक पुढे, एक मागे. बस रिकामी असली तरी तसंच. ड्रायव्हरला आरशात असलं सगळं दिसतं. मी कशाला विचारतोय!

मर्टल हिवाळ्यात वारली, आणि त्यानंतरच्या जूनमध्ये विनीने साप गळ्यात घातला.

आता एका मगाची गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं.

सापाला उंदीर द्यायचा तो मेलेला आणि गोठवलेला. दुकानात पाकिटातून मिळतो. तो आधी कोमट पाण्यात ठेवून ऊबदार करावा लागतो, नाहीतर साप तोंड लावत नाही. साप पाळणारी माणसं हे सरळ मगात करतात आणि त्यांना त्यात काहीही वावगं वाटत नाही. तर या मार्च महिन्यात विनीची किटली बिघडली. ती मग घेऊन विलो हाऊसच्या सामायिक स्वयंपाकघरात गेली, गरम पाणी ओतलं, उंदीर टाकला, वर बशी झाकली आणि फोन वाजला म्हणून खोलीत गेली.

क्लिफर्ड एंटविसल तळमजल्यावर राहतो. त्र्याऐंशी वर्षांचा, निवृत्त नळकारागीर, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तो आत आला. गरम मग दिसला, वर बशी, कडेला लोंबणारा दोरा. कुणीतरी आपल्यासाठी चहा करून ठेवलाय असं त्याला वाटलं. या माणसाला दुसऱ्याने केलेला चहा आपलाच वाटतो. चहाची पुडी बाहेर काढायला त्याने दोरा धरून ओढला.

तो दोरा नव्हता.

क्लिफर्डची किंकाळी तिसऱ्या मजल्यावर ऐकू गेली. तो खुर्चीवर आदळला, रक्तदाब वाढला, डॉक्टर आला. दुसऱ्या दिवशी त्याच्या लेकीने लेखी तक्रार केली. बर्नार्ड त्या वेळी आपल्या पेटीत दिव्याखाली झोपला होता. सगळ्या प्रकरणात त्याचा गुन्हा एवढाच, की त्याला भूक लागली होती. पण तक्रार उंदराची होती आणि खापर फुटलं सापावर.

इमारत सांभाळणाऱ्या संस्थेने विनीला पत्र पाठवलं. ती सोमवारी ते घेऊन बसमध्ये बसली आणि शेवटच्या थांब्यापर्यंत आली. तिथे बस नऊ मिनिटं उभी असते. बाकीचे उतरले, ती उतरली नाही.

"वाच," ती म्हणाली.

मी वाचलं. बर्नार्डला घरात ठेवायची परवानगी बारा वर्षांपूर्वी मर्टल शॉ यांना मिळाली होती. त्या परवानगीत प्राण्याला हातात घेऊन सामायिक खोलीत आणि बाहेर नेता येईल असं स्पष्ट म्हटलं होतं. मर्टलने भांडून ते वाक्य घालून घेतलं होतं. पण मर्टल वारली, परवानगी तिच्याबरोबर संपली. मागे जोडीदार असता तर ती आपोआप त्याच्या नावावर झाली असती. चुलत बहिणीच्या नावावर होत नाही. तेव्हा मिस ऑल्डरसन यांनी मंगळवारी सकाळी दहा वाजता नव्या अटींवर सही करावी, की साप फ्लॅटच्या बाहेर कधीही नेणार नाही. सही नसेल तर चौदा दिवसांत साप प्राण्यांच्या आश्रमात जाईल.

"म्हणजे ठेवता तर येईल," मी समजूत घालायला म्हटलं.

"ठेवा, पण दाखवू नका," ती म्हणाली. "हे मी आयुष्यभर केलंय, बास्की. त्यात माझा हात कुणी धरणार नाही."

भास्करचं तिने पहिल्याच महिन्यात बास्की करून टाकलं होतं. मी इंजिन बंद केलं.

"मर्टल बर्नार्डला घेऊन कालव्याच्या काठाने फिरायची," ती म्हणाली. "ताठ मानेने. पोरं मागे लागायची, कुत्री भुंकायची, तिला कोण आनंद! आणि मी दहा पावलं मागून चालायचे. ओळख नसल्यासारखी. ती म्हणायची, ये ना पुढे. मी म्हणायचे, माझे गुडघे दुखतात. गुडघ्यांना काही झालं नव्हतं. लोक सापाकडे बघतील, आणि बघता बघता आमच्याकडे बघतील, आणि मग त्यांना दिसेल. याची भीती. अडतीस वर्षं राहिलो आम्ही एकत्र. चुलत बहीण कसली डोंबलाची!"

खरं तर मला काहीच नवीन कळलं नव्हतं आणि त्याचीच लाज वाटत होती.

"मग उद्या हेच सांगा ना," मी शेवटी म्हटलं. "जोडीदार होतात म्हणा. परवानगी तुमची होते."

"सांगायला तोंड उघडावं लागतं. कारखान्यात एकीचं असंच कळलं होतं, एकोणीसशे चौसष्टची गोष्ट, मी नुकतीच लागले होते. तिच्या जेवणाच्या डब्यात बायका थुंकायच्या. तेव्हा जे तोंड मिटलं ते मिटलं." तिने पत्राची घडी घातली. "आपलं एक माणूस बरोबर आणा असं लिहिलंय खाली. मला माणूस नाही. तू येतोस?"

मंगळवारी माझी सुट्टी असते. मी गेलो.

सामायिक खोलीत आठ-नऊ जण आधीच येऊन बसले होते. असल्या प्रसंगी म्हाताऱ्यांचे गुडघे बरोबर चालतात. क्लिफर्ड खोली तापवणाऱ्या रेडिएटरजवळ, आपला स्वतःचा मग घट्ट धरून. संस्थेची बाई गेल हॉलरन, चाळिशीची, टेबलावर फाईल उघडून बसली होती. बाई वाईट नव्हती. तिच्यासमोर एक तक्रार होती आणि एक कागद होता, आणि तिला बारा वाजता दुसऱ्या इमारतीत पोचायचं होतं.

विनी आत आली ती बर्नार्ड गळ्यात घालून. खोलीत कुजबुज झाली.

"मिस ऑल्डरसन," गेल म्हणाली, "आजच्या दिवस तरी त्याला वर ठेवून यायचं होतंत."

"त्याच्याबद्दल बोलणार ना तुम्ही? मग त्याला ऐकू दे."

"सापाला कान नसतात म्हणे," कुणीतरी मागून म्हणालं.

"तुला आहेत, त्याचा काय उपयोग झाला?" विनीने वळूनही न बघता सुनावलं.

गेलने अटी वाचून दाखवल्या. आवाज मऊ ठेवला होता तिने, पण मजकूर तोच. साप घरात राहील. दाराबाहेर येणार नाही. खोलीत नाही, आवारात नाही, रस्त्यावर नाही. तिने पेन पुढे केलं. "सही केलीत की विषय संपला. तुमचा बर्नार्ड तुमच्याकडेच राहतोय."

विनीने पेन घेतलं. तिचा दुसरा हात बर्नार्डच्या पाठीवर होता आणि ती अंगठ्याने त्याला सारखी कुरवाळत होती. मला वाटलं, करणार ही सही. पंचाहत्तर वर्षांची बाई, एकटी, साप गेला तर घरात कोण आहे तिला?

"जुनं पान दाखव," ती गेलला म्हणाली. "मर्टलच्या वेळचं."

गेलने फाईल उलटी फिरवली. मी वाकून पाहिलं. दोघी इथे राहायला आल्या तेव्हाचा अर्ज. मर्टल शॉ. खाली डब्ल्यू. ऑल्डरसन. नातं: चुलत बहीण.

"हे माझं अक्षर आहे," विनी म्हणाली. "मर्टल शेजारी बसली होती. म्हणाली, खरं लिही विनी, आता कोण काय करणार आहे आपलं. मी हे लिहिलं. ती घरी येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही."

आणि तिने 'चुलत बहीण' वर आडवी रेघ मारली. एक नाही, तीन. कागद फाटायचा बाकी राहिला. त्याच्या वर मोठ्या अक्षरात लिहिलं: बायको.

"लग्न केलं नव्हतं," ती म्हणाली. "लग्न म्हटलं की लोक बोलवावे लागतात. पण बायको होती ती माझी. अडतीस वर्षं. आता हा साप माझा आहे आणि ती परवानगीही माझी आहे, आणि मी त्याला बाहेर नेणार. एकीला लपवलं तेवढं पुरे झालं."

गेलने खाकरून घेतलं.

"हे बघा, मला खोटं वाटतंय असं नाही," ती सावकाश म्हणाली. "पण नुसतं खोडून लिहिलं तर वरचे लोक मानणार नाहीत. तुम्ही जोडीने राहत होतात हे माहीत असलेल्या दोन माणसांनी तरी लिहून द्यावं लागेल."

"कुणाला माहीत असणार?" विनी म्हणाली. "आम्ही कुणाला कळू दिलंय का कधी?"

क्लिफर्डने मग खाली ठेवला.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "तुमच्या नळाचा वायसर बदलायला आलो होतो मी, आलात त्या वर्षी. घरात पलंग एकच होता, विनी. मी नळकारागीर आहे, आंधळा नाही. म्हणजे तेव्हा नव्हतो."

खिडकीजवळची म्हातारी म्हणाली, "मलाही." तिच्या शेजारचीने मान हलवली. मग आणखी एक. मला वाटलं आता विनीला रडू फुटणार, सगळे तिच्याभोवती जमणार, क्लिफर्ड चहा मागणार. मीही हात वर केला. म्हटलं, "मलाही माहीत होतं."

विनीने आम्हा सगळ्यांकडे आळीपाळीने बघितलं. तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

"माहीत होतं," ती म्हणाली. "तुम्हा सगळ्यांना माहीत होतं. मग मर्टल गेली तेव्हा मला कार्डं कसली पाठवलीत? 'तुमच्या चुलत बहिणीच्या जाण्याचं ऐकून वाईट वाटलं.' अकरा कार्डं आली. अकराच्या अकरा चुलत बहिणीची. तुझंही होतं त्यात, बास्की, निळं, फुलांचं. मी ती कपाटावर ओळीने मांडली होती. चार वर्षं मी असं धरून चालले, की बिचाऱ्यांना कुठे ठाऊक आहे. माझी बायको मेली आणि मला एक माणूस त्याबद्दल एक ओळ बोललं नाही!"

"तूच तसं सांगत होतीस ना, अगं," क्लिफर्ड पुटपुटला. "तुझा मान राखला आम्ही."

"माझा मान? तुमची पंचाईत वाचवलीत तुम्ही!"

गेलने एक कोरा कागद टेबलावर सरकवला. क्लिफर्डने उठून, कागद नाकाला लावून सही केली. मग बाकीच्यांनी. एकूण आठ सह्या झाल्या, मी धरून. गेलने नव्या अटींचा कागद आपल्या पिशवीत घातला आणि म्हणाली, "जुनी परवानगी तुमच्या नावावर करते. जशीच्या तशी. फक्त ते उंदराचं तुमच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात करा, मिस ऑल्डरसन."

"किटली आणलीय नवी," विनी म्हणाली. मग ती खोलीकडे वळली. "सह्या झाल्या. आता कार्डं. सगळ्यांनी नवीन लिहायची, नीट. तुम्हाला वेळ मिळावा म्हणून गुरुवार सोडते; शनिवारी मी बर्नार्डला घेऊन बाजारात जाणार आहे, त्याआधी माझ्या दारात पडली पाहिजेत."

"चार वर्षांनी कुठे कार्डं पाठवतात का कुणी?" खिडकीजवळची म्हातारी म्हणाली.

"मी अजून इथेच राहते," विनी म्हणाली आणि गेली.

क्लिफर्डने आपलं कार्ड लिहून आधी मला दाखवलं, स्पेलिंग तपासायला. वेडीवाकडी, बोटभर अक्षरं होती: 'विनी, तुझी बायको गेली, फार वाईट वाटलं. हसरी होती. क्लिफर्ड.' माझं कार्ड मी घरी लिहायला बसलो. बायको शेजारी मटार सोलत होती, तिने विचारलं, एवढा काय विचार करताय? मी तीन कार्डं वाया घालवली. चौथ्यावर चारच ओळी लिहिल्या आणि शुक्रवारी दुपारी विनीच्या दाराच्या फटीतून आत ढकलून, बेल न वाजवता जिने उतरलो.

शनिवारी ती थांब्यावर उभी होती. पास दाखवला.

"तुझं मिळालं," ती म्हणाली. "बायको लिहिताना हात थरथरलाय तुझा."

"हो," मी म्हटलं.

"माझाही थरथरला होता," ती म्हणाली, आणि बर्नार्डला कोटातून बाहेर काढून दाराजवळच्या पहिल्या सीटवर बसली.